आकाशाचा खर्च, किनाऱ्याचा हिशेब



23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले. मुलांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर मुबारकबादीचे संदेश फिरले. ज्या घरांत टाळ्या वाजल्या त्याच घरांत, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून, एक प्रश्नही आला. नळाला दोन दिवसांआड पाणी येते, सरकारी दवाखान्यात औषध बाहेरून आणायला सांगतात, मग एवढा पैसा चंद्रावर कशाला?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही आणि देशावरच्या प्रेमात कमी असल्याचाही नाही. सरकारी तिजोरीतला पैसा ही लोकांची अमानत आहे. अमानत ठेवणाऱ्याला हिशेब विचारण्याचा हक्क असतोच, आणि साबणाच्या वडीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर आपण सगळेच भरतो. म्हणून या महिन्यात आपण हा हिशेब शांतपणे मांडून पाहू.

चांद्रयान-3 चा खर्च सुमारे 615 कोटी रुपये. 140 कोटींच्या देशात माणशी साडेचार रुपयेही नाही. एवढे सांगून अनेकजण वाद मिटवतात. पण एका यानाचा आकडा पाहून चालत नाही, सगळ्या खात्याचा पाहावा लागतो. केंद्राच्या 2024-25 च्या अर्थसंकल्पात अंतराळ विभागासाठी सुमारे 13 हजार कोटी रुपये ठेवले होते. एकूण अर्थसंकल्प होता सुमारे 48 लाख कोटींचा. म्हणजे केंद्र सरकार 100 रुपये खर्च करते तेव्हा त्यातले साधारण 27 पैसे आकाशाकडे जातात. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य खात्याला सुमारे 90 हजार कोटी मिळाले. उद्या अंतराळ विभाग बंद करून त्याचा सगळा पैसा दवाखान्यांना दिला, तर आरोग्याची रक्कम साधारण सातव्या हिश्श्याने वाढेल. ही वाढ नगण्य नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र त्या बदल्यात आपल्या हातून काय जाईल, हेही पाहिले पाहिजे. ते पाहायला समुद्रकिनाऱ्यावर जावे लागते.

भारताच्या अंतराळ कार्याची सुरुवात किनाऱ्यावरच झाली. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्ताची रेषा या भागातून जाते, म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांना रॉकेट सोडण्यासाठी ही जागा हवी होती. तिथे सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते, भोवती कोळ्यांची घरे होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी जागा देण्यास संमती दिली, कुटुंबांनी घरे सोडली आणि दुसरीकडे वसली. चर्चची इमारत शास्त्रज्ञांचे कार्यालय झाली. 21 नोव्हेंबर 1963 रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले.

त्या पहिल्या तुकडीत रामेश्वरमचा एक तरुण होता, ए. पी. जे. अब्दुल कलाम. त्यांच्या वडिलांची होडी होती आणि ती यात्रेकरूंची ने-आण करी. ती होडी एका वादळात गेली, हे कलामांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. समुद्राला इशाऱ्याशिवाय सामोरे जाणे म्हणजे काय, हे त्या घराला ठाऊक होते. श्रीमंत देशांशी चंद्रावर जाण्याची शर्यत लावायची नाही, हे तंत्र आपल्या माणसांच्या अडचणींसाठी वापरायचे, ही साराभाईंची भूमिका होती. आम्ही हा खर्च तपासतो तो याच कराराच्या आधारे. ज्या कोळ्यांनी जागा दिली, त्यांच्यासारख्यांपर्यंत काय पोहोचले?

बरेच काही पोहोचले. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मोजतो आणि पाण्याच्या रंगावरून त्यातले सूक्ष्म शेवाळ ओळखतो. शेवाळ जिथे दाट, तिथे लहान मासळी, आणि तिच्यामागे मोठी. या माहितीवरून हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत विनामूल्य कळवते. ढगाळ हवेत आणि मासेमारीच्या बंदीत हा अंदाज मिळत नाही, आणि तो दर वेळी खरा ठरतो असेही नाही. पण डिझेलचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्या नाखव्याला मासळी शोधत भटकण्याचे काही तास वाचले म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

वादळाचा हिशेब याहून मोठा आहे. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशात महाचक्रीवादळ आले, सरकारी आकड्यानुसारच जवळपास 10 हजार माणसे गेली. मे 2019 मध्ये त्याच ओडिशावर ‘फनी’ हे तीव्र वादळ आले. त्याआधी सुमारे 12 लाख लोकांना हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. हे सगळे श्रेय उपग्रहाचे असे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धेच खरे. 1999 सालीही उपग्रह होते आणि वादळ येत असल्याचे त्यांनी दाखवले होते. तेव्हा किनाऱ्यावर पक्के निवारे अगदी मोजके होते. पुढच्या वीस वर्षांत ओडिशाने शेकडो निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले, इशारे अधिक अचूक झाले. वरचे डोळे आणि खालचे हात एकत्र आले तेव्हा जीव वाचले.

आमच्या मते या विषयातली खरी गोष्ट हीच आहे. आकाशात केलेला खर्च शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो तेव्हाच त्याची किंमत वसूल होते, आणि तो शेवटचा टप्पा नेमका आपल्याकडे कच्चा राहतो.

याची सगळ्यात कडू साक्ष थुंब्याच्याच किनाऱ्याने दिली. 30 नोव्हेंबर 2017 रोजी ‘ओखी’ वादळ केरळ आणि कन्याकुमारीच्या समुद्रातून गेले. खोल समुद्रात गेलेल्या होड्या कित्येक दिवस आधीच निघाल्या होत्या. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून फार तर 10-12 किलोमीटर चालते, त्यापलीकडे त्यांना कळवणार कसे? बुडालेले आणि बेपत्ता मिळून तीनशेहून अधिक मच्छीमार गेले. त्यांतले पुष्कळजण तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पूंतुरा, विळिंजम या गावांचे होते. ज्या जिल्ह्यात देशाची रॉकेटे घडतात, त्याच जिल्ह्यातल्या होड्यांना वादळाची खबर देता आली नाही.

ती घरे बहुतेक ख्रिस्ती होती. पण मुरूड, दाभोळ, मिरकरवाडा इथल्या आपल्या आया-बहिणींना त्या घरांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. माणूस समुद्रात बेपत्ता झाला की घरातून जनाजा उठत नाही, इद्दत कधीपासून धरायची ते ठरत नाही, मृत्यूचा दाखला मिळत नाही आणि दाखल्याशिवाय कुठलेही काम पुढे सरकत नाही. दाराकडे बघत वर्षे जातात.

ओखीनंतर सरकार हलले. उपग्रहावरून थेट होडीवर इशारा पोहोचवणारे ‘जेमिनी’ नावाचे उपकरण 2019 मध्ये आले. त्यावर संदेश येत असे, होडीवरून उत्तर पाठवता येत नसे. पुढे इस्रोच्या तंत्रावर दोन्ही बाजूंनी संदेश देणारे ट्रान्सपाँडर तयार झाले. 30 ऑगस्ट 2024 रोजी आपल्याच पालघरमधून या यंत्रणेच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. किनाऱ्यावरच्या राज्यांत मिळून एक लाख होड्यांवर ती विनामूल्य बसवायची, खर्च सुमारे 360 कोटी. म्हणजे चांद्रयान-3 च्या खर्चाहून कितीतरी कमी. उपग्रह वर होताच. होडीपर्यंतचा हा शेवटचा तुकडा जोडण्याची योजना सुरू व्हायला ओखीनंतर सात वर्षे लागली.

आपल्या कोकणालाही हा अनुभव आहे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. इशारा वेळेवर मिळाला होता, होड्या किनाऱ्याला होत्या, हजारो लोकांना हलवले गेले. म्हणून वादळाच्या मानाने माणसे फार थोडी दगावली, अलहम्दुलिल्लाह. पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, गावेच्या गावे कितीतरी दिवस अंधारात राहिली. पोफळीचे झाड पुन्हा उत्पन्न द्यायला लागेपर्यंत वर्षे जातात. उपग्रह वादळ दाखवतो, छप्पर धरून ठेवत नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. त्याचाही इशारा होता, तरीही मुंबईजवळच्या समुद्रात कामगारांनी भरलेला पी-305 हा तराफा सुरक्षित जागी परत आला नाही, आणि त्याच्या बुडण्यात 70 हून अधिक कामगारांचे जीव गेले. इशारा मिळूनही तो पाळला गेला नाही, तर वरचा सगळा खर्च वाया जातो.

आता चंद्राचा प्रश्न राहतो. चंद्रावरच्या यानाने कुणाच्या जाळ्यात मासळी येत नाही, हे खरेच. पण केवळ जाणून घेण्यासाठी केलेला खर्च उधळपट्टीच ठरतो, असे आम्ही मानत नाही. पंधराव्या शतकात उलुग बेग या सुलतानाने समरकंदला मोठी वेधशाळा उभारली. तीही प्रजेच्याच पैशावर उभी होती. त्याच्या हत्येनंतर वेधशाळा ओस पडली, पण तिथे नोंदलेल्या हजारावर ताऱ्यांच्या जागा पुढे दोनशे वर्षे जगाच्या उपयोगी पडल्या. ज्ञानाचे फळ कधी कधी नातवंडांच्या ओटीत पडते. चांद्रयानासारखा मर्यादित खर्च आम्हाला त्यात बसणारा वाटतो.

गगनयानाची गोष्ट वेगळी. माणसाला अंतराळात पाठवण्याच्या या कार्यक्रमाची मंजूर रक्कम 2024 मध्ये 20,193 कोटींपर्यंत वाढवली गेली. ही रक्कम अनेक वर्षांत विभागलेली आहे, तरी ती फार मोठी आहे. जे काम यंत्र करू शकते ते माणूस पाठवून का करायचे, त्यातून सामान्य घराला काय मिळणार, हे सरकारने संसदेत आणि लोकांसमोर सोप्या भाषेत मांडले पाहिजे. ‘देशाचा अभिमान’ एवढे एकच उत्तर या रकमेला पुरत नाही. अभिमान आम्हालाही आहे, पण अमानतीच्या वहीत त्याचा रकाना नसतो.

म्हणून स्वयंपाकघरातून आलेल्या त्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. हा खर्च करावा, तो वाया जात नाही. मात्र प्रत्येक उपग्रहाच्या खर्चासोबत त्याची माहिती शेवटच्या होडीपर्यंत आणि शेवटच्या छपरापर्यंत नेण्याचा खर्चही त्याच कागदावर मंजूर व्हावा. आधी एक आणि सात वर्षांनी दुसरा, असे नको.

हे सरकारवर सोडून आपण बसायचे, असेही नाही. ज्यांच्या घरातले कोणी समुद्रावर जाते, त्यांनी मच्छीमार सोसायटीत विचारावे की आपल्या होडीवर ट्रान्सपाँडर बसला का, बसला तर तो चालू आहे का, आणि तांडेलाला तो वापरता येतो का. जे किनाऱ्यावर राहतात, त्यांनी येत्या ग्रामसभेत एकच गोष्ट विचारावी: वादळाचा इशारा आला तर आमचा निवारा कोणता? शाळा असेल तर तिचे छप्पर पक्के आहे का? जमातखाना किंवा मशिदीचा हॉल पक्का असेल, तर तो सर्व गावासाठी उघडा राहील असे जमातीने आधीच ठरवून तहसीलदारांना कळवावे. आणि घरात एखादी मुलगी आकाशाकडे बघून प्रश्न विचारत असेल, तर तिला विज्ञान शाखेला पाठवा. थुंब्यात होडीवाल्याचा मुलगा पोहोचला होता, आपल्या वाडीतली मुलगीही इन्शाअल्लाह पोहोचेल.