फाईलवरचे शेरे आणि 'रूमर्स'

परवा पणजीत चहा पिताना एक मित्र म्हणाला, "दुःखाशिवाय कला नाही रे. ते 'रूमर्स' बघ. सगळ्यांचे संसार मोडले म्हणून तो अल्बम झाला." मी मान डोलावली, कारण मला कदंब पकडायची होती. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाल्यावर लक्षात आलं, की हे मला अजिबात पटलेलं नाही.

'रूमर्स' आमच्या घरी आला तो शेजारच्या एका तारवट्याच्या कॅसेटींतून. साल बहुधा पंच्याण्णव. आमच्या टेपवर तोवर नाट्यगीतं आणि भजनंच वाजायची. आईने ऐकून निकाल दिला, "त्या बाईचा आवाज बरा आहे." बँडमध्ये बायका दोन, तिला कुठली आवडली हे विचारायचं राहूनच गेलं.

आता मूळ गोष्ट. 1976 साली फ्लीटवूड मॅक हा बँड कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो गावी 'रेकॉर्ड प्लांट' स्टुडिओत शिरला तेव्हा पाचही जणांच्या घरात आग लागलेली होती. बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि की-बोर्डवरची क्रिस्टीन मॅकव्ही यांचं लग्न मोडलं होतं. गिटारवाला लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स ही जुनी जोडी फुटत होती. ड्रमर मिक फ्लीटवूडचाही संसार विस्कटलेला. वर कोकेन आणि रात्र रात्र चालणारं रेकॉर्डिंग. हे सगळं खरं आहे, आणि सांगायला चटकदारही. पण घटस्फोट काय जगात कमी होतात? त्यातल्या किती जणांनी 'रूमर्स' केला?

मी सरकारी कारकून. आमच्याकडे शेजारशेजारच्या टेबलांवर बसणारी, पण वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती बोलतात फाईलवर. एक शेरा लिहितो, दुसरा त्याखाली उत्तराचा शेरा लिहितो, आणि गंमत म्हणजे फाईल पुढे सरकते. 'रूमर्स' मला तसा दिसतो. लिंडसीने 'गो युअर ओन वे' लिहिलं, ते स्टीव्हीला उद्देशून. त्यातल्या एका ओळीवर तिचा सक्त आक्षेप होता. त्याने ती काढली नाही. तरी त्याच गाण्यात ती त्याच्यामागे सूर धरून गाते. क्रिस्टीनने 'यू मेक लव्हिंग फन' लिहिलं ते नव्या मित्रावर, आणि नवऱ्याला सांगितलं की गाणं कुत्र्यावर आहे! त्या गाण्याचा बेस वाजवला कोणी? त्याच नवऱ्याने. आणि काय सुरेख वाजवलाय!

सर्वांत बोलका दाखला 'ड्रीम्स'चा. स्टीव्हीने ते बाजूच्या एका खोलीत एकटीने बसून दहाएक मिनिटांत लिहिलं. गाणं लिंडसीबद्दलच. क्रिस्टीनला ते आधी कंटाळवाणं वाटलं होतं, कारण सगळीकडे तेच ते दोनतीन कॉर्ड. मग लिंडसीने त्याच कॉर्डांतून गाण्याचे भाग असे वेगळे काढले, की प्रत्येक भाग नवा वाटावा. आपल्याच विरोधातला शेरा आपणच सुवाच्य अक्षरात लिहून द्यावा, तसं हे झालं. 1977 साली तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बँडचं तिथलं असं ते एकमेव गाणं. यात दुःखाचा वाटा किती आणि हातातल्या कसबाचा किती, हे तुम्हीच सांगा.

'द चेन' तर चक्क जोडकाम आहे. क्रिस्टीनच्या एका अर्धवट राहिलेल्या गाण्याचा तुकडा, स्टीव्हीचे शब्द, शेवटी जॉनचा तो बेस. टेप ब्लेडने कापून सांधलेली. अल्बममध्ये पाचही जणांची नावं लागलेलं गाणं हे एवढंच. पुढे मूळ टेपवर इतक्या वेळा थर चढवले गेले की ती झिजली आणि ड्रमचा चकचकीतपणा जाऊ लागला. तेव्हा आधी काढून ठेवलेल्या दुसऱ्या टेपवरचे ड्रम, दोन्ही टेप कानाने मिळवत मिळवत, जुळवून घेतले गेले. इतकं किचकट काम छाती पिटणारी माणसं करत नाहीत. सकाळी उठून कामावर जाणारी माणसं करतात. (या बँडच्या बाबतीत संध्याकाळी उठून म्हणा हवं तर.)

अल्बम 4 फेब्रुवारी 1977 रोजी आला. अमेरिकेत एकूण 31 आठवडे अव्वल, ग्रॅमी, चार कोटींच्या वर प्रती. पण दुःखातून कला झाली म्हणून दुःख फिटलं, असंही काही झालं नाही. लिंडसी 1987 मध्ये बाहेर पडला, परत आला, 2018 मध्ये त्याला काढून टाकण्यात आलं. क्रिस्टीन 2022 मध्ये गेली. त्या भांडणांची किंमत त्यांनीच मोजली. आपण लांब बसून "बरं झालं भांडले" म्हणायचं, हे मला जरा निर्दयपणाचं वाटतं.

मित्राच्या बाजूने एकच गोष्ट बोलता येईल, ती 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'ची. स्टीव्हीचं हे गाणं लांबी जास्त झाली म्हणून अल्बममधून वगळलं, आणि टाकलं कुठे? तर 'गो युअर ओन वे'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला! ती फार दुखावली होती. वीस वर्षांनी, 1997 मध्ये, बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा तिने ते मंचावर गायलं, शेवटी थेट लिंडसीकडे वळून, त्याच्या डोळ्यांत बघत. तो गिटार वाजवत होता, आणि मागे सूरही धरत होता.

तारवट्याच्या कॅसेटवर हे गाणं नव्हतं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तोवर आई राहिली नव्हती. नाहीतर विचारलं असतं, हीच का ती बाई.