संधी विकणारे नामानिराळे!

‘नोकरी हाती नसतानाही जर्मनीचा वर्क व्हिसा’ या जाहिरातीला भुलून मध्यमवर्गीय घरांतल्या मुदतठेवी मोडल्या जात आहेत. वस्तुस्थिती काय आहे? जर्मनीने १ जून २०२४ पासून ‘शान्सेनकार्टे’ अर्थात संधीपत्र सुरू केले. त्याची मुदत प्रथमतः अधिकाधिक एक वर्ष. शिक्षण, भाषा, अनुभव, वय यांवर सामान्यतः किमान ६ गुण हवेत आणि निर्वाहाची तजवीज अर्जदारानेच दाखवायची. आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येते; पण ही नोकरी शोधण्याची मुभा आहे, नोकरीची हमी नव्हे!

मग दलाल विकतो ते काय? १९८३च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक केली. येथे मालकच नाही, म्हणून भरती नाही. भरती नाही, म्हणून नोंदणीही नाही! ‘सल्लागार’ या बिरुदाआड ही मंडळी नामानिराळी राहतात. शासनाने ही पळवाट बुजवलीच पाहिजे.

तरुणांनी परदेशी अवश्य जावे. पण आधी जर्मन शिकावी आणि अर्ज स्वतः करावा. कर्तृत्वाचे गुण दलालाच्या दुकानात मिळत नसतात!