‘घरी’ म्हणजे नेमकं कुठे? इंग्रजीतल्या लहान शब्दांबद्दल

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या ताईंची तक्रार लिहून घेतली जात होती, तेव्हा आम्ही शेजारीच बसलो होतो. ताईंनी सांगितलं, “घरी येऊन जातीवरून शिव्या दिल्या.” लिहिणाऱ्याने तेच लिहिलं, आम्हीही मान डोलावली. प्रत्यक्षात शिव्या देणारे अंगणात उभे होते आणि समोरच्या रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. पण कागदावर आलं ते एवढंच : ‘घरी’. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर झालं आणि ‘घरी’चं झालं ‘इन द हाउस’. समोरच्या वकिलाने तेवढा शब्द पकडला. घटना चार भिंतींच्या आत घडली, लोकांसमोर घडलीच नाही, मग हे कलम लागतंच कसं, असा त्याचा सवाल. ते अंगणात घडलं हे दाखवण्यासाठी पुरवणी जबाब आणि साक्षीदार गोळा करताना आमची जी धावपळ झाली, ती एका प्रत्ययाची किंमत होती.

म्हणून आज थोडं व्याकरणावर. कंटाळू नका. हा दहावीच्या पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न नाही.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातलं ते वाक्य बघा. ‘इंटेन्शनली’ अपमान करणं किंवा धमकावणं, ‘विथ इंटेंट टू ह्युमिलिएट’, आणि तेही ‘इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू’. मूळ कायद्यात हे कलम ३(१)(दहा) होतं, २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर ते ३(१)(आर) झालं, शब्द मात्र तेच राहिले. यातली नामं सोपी आहेत : इंटेंट, प्लेस, व्ह्यू. खटला अडतो तो ‘विथ’, ‘इन’, ‘विदिन’ आणि ‘इंटेन्शनली’ या चार शब्दांवर. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात सांगितलं की ‘सार्वजनिक जागा’ वेगळी आणि ‘लोकांना दिसेल अशी जागा’ वेगळी. जागा खासगी असली तरी, म्हणजे घराबाहेरची हिरवळ असली तरी, ती बाहेरच्या लोकांना दिसत असेल तर कलम लागू शकतं. २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना घडलेली घटना या कलमात बसत नाही. आता विचार करा, ‘ॲट द हाउस’, ‘इन द हाउस’ आणि ‘आउटसाइड द हाउस’ यांत फरक किती? गुन्हा आणि निर्दोष सुटका यांच्यात आहे तितका. आणि आपली मराठी ‘घरी’ या एका रूपात हे तिन्ही अर्थ सांभाळून घेते.

इंग्रजी नामांची आपल्या वस्तीत टंचाई नाही. स्टँड, रिक्षा, फॉर्म, सर्टिफिकेट, ॲडमिशन, स्कॉलरशिप, हॉस्पिटल, सगळं आपली आजीसुद्धा बोलते. ‘ॲडमिशनसाठी सर्टिफिकेट ऑफिसात दिलं’ या वाक्यात तीन नामं इंग्रजी आहेत. मराठी आहेत ते त्यांना जोडणारे ‘-साठी’ आणि ‘-त’. म्हणजे विटा आपल्याकडे आहेत, कमी आहे तो चुना. आणि तो चुना कसा कालवायचा हे शाळेत कुणी नीट दाखवलं नाही.

मराठीत संबंध दाखवणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय नामाच्या पाठीला चिकटतं : रस्ता, रस्त्यावर, रस्त्यासाठी. इंग्रजीत तेच प्रीपोझिशन सुटं राहतं आणि नामाच्या पुढे उभं राहतं. मराठीत विचार करणाऱ्या मुलाच्या डोक्यात आधी ‘रस्ता’ येतो, ‘-वर’ नंतर. इंग्रजीत ‘ऑन’ आधी म्हणावं लागतं. आपली मुलं मुलाखतीत अडखळतात ती बहुतेक वेळा इथे, नामाच्या उंबरठ्यावर. समोरचा समजतो की मुलाला येत नाही. मुलाला येत असतं, क्रम उलटा करायला अर्धा सेकंद लागतो इतकंच.

दुसरी अडचण अशी की आपला एक प्रत्यय इंग्रजीत तीन वाटांनी जातो. सकाळी, रात्री, सोमवारी : शेवटी तोच दीर्घ ‘ई’. इंग्रजीत मात्र ‘इन द मॉर्निंग’, ‘ॲट नाइट’, ‘ऑन मंडे’. आपण रिक्षातही बसतो आणि बसमध्येही बसतो, पण तिकडे ‘इन द रिक्षा’ आणि ‘ऑन द बस’. ‘-त म्हणजे इन, -वर म्हणजे ऑन’ असा तक्ता फळ्यावर लिहून पाठ करायला लावणाऱ्यांनी आपल्या पोरांचं नुकसान केलं. तक्ता पाठ असलेली पोरंच जास्त चुकतात.

तिसरी अडचण आपल्याच मोर्च्यांत दिसते. फलकावर लिहिलेलं असतं ‘वुई डिमांड फॉर जस्टिस’. ‘वुई डिमांड जस्टिस’ बरोबर आहे आणि ‘अवर डिमांड फॉर जस्टिस’ हेही बरोबर आहे. डिमांड नाम असेल तेव्हा ‘फॉर’ लागतं, क्रियापद असेल तेव्हा लागत नाही. चूक होते कारण मराठीत आपण ‘मागणी करतो’, ‘चर्चा करतो’, म्हणजे नामाला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवतो. नामाचं शेपूट मग क्रियापदालाही चिकटतं. ‘डिस्कस अबाउट’ याच वाटेने येतं. यात अडाणीपणा नाही, एका भाषेची शिस्त दुसऱ्या भाषेत गेली आहे. हे कारण एकदा समजलं की चूकही सुटते आणि लाजही सुटते.

क्रियाविशेषणांचंही तसंच. इथे मराठी आपल्या मदतीला येते. ‘फक्त मी फॉर्म भरला’ आणि ‘मी फक्त फॉर्म भरला’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘ओन्ली’ हा शब्दही तसाच, ज्याच्यापुढे ठेवाल त्याला बांधतो. आता संविधानाचं कलम १६(४) उघडा. राज्याच्या सेवांमध्ये ज्या मागासवर्गाला प्रतिनिधित्व ‘नॉट ॲडिक्वेटली’ मिळालं आहे, त्याच्यासाठी आरक्षण. ‘ॲडिक्वेटली’ म्हणजे पुरेशा प्रमाणात. हा शब्द काढून बघा. मग खात्यात आपला एक शिपाई दिसला तरी ‘प्रतिनिधित्व आहे की’ म्हणून दार बंद करता आलं असतं. या एका क्रियाविशेषणामुळे ते दार उघडं राहिलं. आणि याच शब्दावरून पदोन्नतीतल्या आरक्षणाचा वाद २००६ च्या नागराज आणि २०१८ च्या जर्नेल सिंग निकालांपर्यंत गेला, अपुरेपणाची आकडेवारी दाखवा म्हणून. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिथे असे लहान शब्द तोलून ठेवले गेले. आपण मात्र कलमांचे नंबर पाठ करतो आणि वाक्यं वाचत नाही.

काही मित्र म्हणतील, व्याकरणात अडकू नका, बिनधास्त बोला. बोलायला काहीच हरकत नाही. एसटीत, दुकानात, मित्रांत ‘फॉर’ जास्त पडलं म्हणून आभाळ कोसळत नाही. जो हसतो त्याला हसू द्या. समाजशास्त्रात बोर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं आहे : ज्या घरात तीन पिढ्यांपासून इंग्रजी वर्तमानपत्र येतं, तिथल्या मुलाच्या कानावर ‘ऑन द बस’ आपोआप पडतं, आणि त्या वारशालाच पुढे ‘मेरिट’ असं नाव मिळतं. पण बोलणं वेगळं आणि अर्ज, तक्रार, अपील वेगळं. तिथे अर्थ बदलतो.

दुसरे म्हणतील, मग मराठीतच लढू. जरूर लढू. तक्रार मराठीतच द्या, पण ‘घरी’ लिहू नका. ‘घरासमोरच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी, अमुक लोक हजर असताना’ असं लिहा, अर्थात खरोखर तसं घडलं असेल तर. कारण कलम ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. आपली तक्रार कधीतरी तिथे पोहोचणारच. मराठीत जे मोघम लिहिलं, ते इंग्रजीत कुणीतरी स्वतःच्या मर्जीने नेमकं करणार.

आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही आता तक्ते बंद केले आहेत. मुलं वहीत सुटा शब्द लिहीत नाहीत, जोडीदारासकट लिहितात : कम्प्लेंट अगेन्स्ट, राइट टू, रीझन फॉर, ॲक्सेस टू, डिस्क्रिमिनेशन अगेन्स्ट. प्रत्येक जोडीचं एक वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं असतं. शेवटची पंधरा मिनिटं संविधानाचं एक कलम इंग्रजीत मोठ्याने वाचायचं आणि त्यातल्या प्रत्येक लहान शब्दाखाली रेघ मारायची. मग एकच प्रश्न विचारायचा : हा शब्द काढला तर कुणाचा फायदा होईल? याला पैसा लागत नाही. एक फळा, संविधानाची एक प्रत आणि दोन तास लागतात.

त्या ताईंची मुलगी या वर्गाला येते. परवा तिने वहीत पहिलं वाक्य लिहिलं, ‘दे स्टुड आउटसाइड अवर हाउस.’ आम्ही तपासायला घेतलं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

जय भीम.