विश्लेषण : इंग्रजी येते, मग शोधनिबंध कुठे अडतो?

चार वर्षांच्या पदवीमुळे संशोधन प्रकल्प आता फक्त पीएच.डी. करणाऱ्यांची डोकेदुखी राहिलेला नाही. त्याच्या तयारीसाठी मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी ‘ॲडव्हान्स्ड अकॅडमिक रायटिंग’च्या ऑनलाइन कोर्सकडे वळतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अडकतात. व्याकरण बरे असूनही असे का होते? या कोर्समध्ये नेमके काय शिकवतात? आणि एआयच्या काळात ते शिकून उपयोग काय?

समजा, घोडबंदर रस्त्यावरच्या चेणे गावातली एक विद्यार्थिनी आहे. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतले हे टोक. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. मीरा रोड, बोरिवली किंवा ठाणे, कुठल्याही स्टेशनला जायचे तर आधी याच रस्त्यावर उतरायचे आणि गायमुखची कोंडी नशिबात असेल ती सोसायची. तिचे शालेय शिक्षण मराठीतून झाले, अकरावीपासून इंग्रजीतून. कॉलेजनंतर आणखी क्लास लावायला वेळ नाही, म्हणून कोर्स मोबाइलवर. व्हिडीओ समजतात, प्रश्नमंजूषा सुटते. पण ‘पाचशे शब्दांत स्वतःचा मुद्दा संदर्भांसह मांडा’ असा स्वाध्याय आला की स्क्रीनवर फक्त कर्सर लुकलुकतो. ही विद्यार्थिनी काल्पनिक आहे, अडचण मात्र नाही.

हा विषय आताच का?

राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून, तर विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. म्हणजे स्वायत्त महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांतली २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचते. यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येते. त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प किंवा प्रबंध असतो. यूजीसीच्या २०२२च्याच पीएच.डी. नियमांनुसार ७५ टक्क्यांसह चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला एम.ए., एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो.

दार उघडले आहे, पण उंबरठ्यावर प्रबंध ठेवला आहे. तो बहुतेक विषयांत इंग्रजीतच लिहिला जातो. परीक्षेची उत्तरे स्थानिक भाषेत लिहू द्यावीत, असे पत्र यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना पाठवले होते. मात्र ज्या नियतकालिकांतून संदर्भ घ्यायचे आणि जिथे पुढे छापून यायचे, त्यांची भाषा एका पत्राने बदलत नाही.

पहिलीपासून इंग्रजी शिकून काय झाले?

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. पुढे सेमी-इंग्रजीचा प्रसार झाला. त्यामुळे आज पदवीला असलेल्या मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी वाचता येत नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण शाळेतल्या इंग्रजीत लिहायचे असते ते पत्र, जाहिरात आणि ‘माय फेव्हरिट सीझन’. कोणाचे तरी म्हणणे वाचून, त्याच्याशी काही अंशी असहमत होऊन, पुराव्यासह आपले म्हणणे मांडा, हा प्रश्न दहावी-बारावीच्या पेपरात भेटत नाही. मराठीच्या पेपरातही भेटत नाही, ही त्याहून मोठी गोष्ट.

इंजिनीअरिंगही याला अपवाद नाही. चौथ्या वर्षाचे ‘ब्लॅक बुक’ आमच्या गटाने मागच्या बॅचच्या पेन ड्राइव्हवरून उभे केले. आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे प्रकरण तर फाँट बदलून जसेच्या तसे. सबमिशनच्या दिवशी समासाची मोजमापे तपासली गेली, मजकूर नाही. आपण काही चुकीचे केले, हे मलाही फार उशिरा कळले.

आयईएलटीएसची तयारी केली की भागते का?

नाही. आयईएलटीएस अकॅडमिकच्या लेखन परीक्षेत ६० मिनिटांत दोन लेखन करायचे असतात, किमान १५० आणि किमान २५० शब्दांचे. दुसऱ्यात मत मांडायचे असते, पण ते स्वतःच्या अनुभवावर आणि सामान्य ज्ञानावर. एकही संदर्भ द्यावा लागत नाही. शोधनिबंधात उलटा प्रकार: संदर्भाशिवाय एक परिच्छेदही पुढे सरकत नाही. त्यामुळे साडेसात बँड मिळवून परदेशात गेलेली मुलेही पहिल्या असाइनमेंटला गडबडू शकतात.

मग अडते नेमके कुठे?

कोर्स करणारे आधी ‘ए, ॲन, द’ला घाबरतात. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे त्या चुका होणारच, आणि त्या दुरुस्त करायला आता फुकट साधने आहेत. खरी अडचण वाक्याच्या वर, मांडणीत आहे.

चेण्यातल्या आपल्या विद्यार्थिनीने विषय घेतला, ‘घोडबंदर रस्त्यावरची कोंडी आणि कॉलेजमधली हजेरी’. शाळेतल्या निबंधाच्या सवयीने सुरुवात होते ती अशी: आजच्या धावपळीच्या युगात वाहतूक कोंडी ही मोठी समस्या बनली आहे. वाहने वाढली, रस्ते तेवढेच राहिले. मग प्रदूषण, इंधन, मानसिक ताण. शेवटी शासनाने आणि नागरिकांनी मिळून उपाय करावेत. यातले एकही वाक्य खोटे नाही, पण एकही वाक्य तिचे नाही. हाच मजकूर पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोंडीवर चिकटवला तरी चालेल.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी संशोधन लेखांच्या प्रस्तावनांचा अभ्यास करून १९९० मध्ये एक आराखडा मांडला. बहुतेक कोर्स आजही त्यावरच चालतात. त्यात तीन पावले आहेत. आधी शेत दाखवायचे, मग त्यातली न नांगरलेली जागा दाखवायची, मग ‘ही जागा मी नांगरतो’ असे सांगायचे. आपल्या विषयात ते असे होईल: शहरातल्या कोंडीचा प्रवासाच्या वेळेवर होणारा परिणाम अनेकांनी मोजला आहे. पण हे अभ्यास बहुधा नोकरदारांचे आहेत; पहिल्याच तासाला पोहोचावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांकडे त्यात लक्ष गेलेले नाही. म्हणून या निबंधात चेणे परिसरातून कॉलेजला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची एका सत्राची पहिल्या तासाची हजेरी तपासली आहे. दुसरे पाऊल अर्थातच आधीचे अभ्यास खरोखर वाचल्यावर टाकायचे असते.

वरचा परिच्छेद मराठीत आहे, तरीही तो अकॅडमिक आहे. म्हणजे जे शिकायचे ते मुळात इंग्रजी नव्हेच. वादात आपली जागा कशी घ्यायची हे शिकायचे आहे, आणि ते आपल्याला कोणत्याच भाषेत शिकवलेले नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनाही ते आयते येत नाही. फरक इतकाच, की त्यांना मांडणी आणि भाषा अशा दोन ओझ्यांपैकी एकच उचलावे लागते.

दुसरा अडथळा दाव्याच्या वजनाचा. ‘कोंडीमुळे विद्यार्थी नापास होतात’ असे लिहिले की परीक्षक पुरावा मागणार. इंग्रजीत अशा वेळी ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स टू’ अशा शब्दांनी दावा मोजका करतात. कोर्समध्ये याला हेजिंग म्हणतात. गंमत म्हणजे मराठीला हे क्रियापदातच येते. ‘पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला असावा’ यांतला फरक चौथीतल्या मुलालाही कळतो. पण इंग्रजीत लिहायला बसलो की आपण ‘असावा’ विसरतो आणि ‘व्हेरी’, ‘डेफिनेटली’, ‘इट इज अ फॅक्ट दॅट’ची पखरण करतो. इंग्रजी ठासून लिहिले की भारी वाटते, ही समजूत कुठून आली कोण जाणे.

मराठी माणसाने हे कधी केलेच नाही का?

केले, आणि शंभर वर्षांपूर्वी. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. आज आपण तो विचारांसाठी वाचतो, पण तो मुळात एका विद्यार्थ्याचा सेमिनार पेपर आहे. त्या नजरेने एकदा वाचून पाहावा.

आंबेडकर आधी विषयाची गुंतागुंत मान्य करतात. मग जातीच्या चार व्याख्या समोर ठेवतात: सेनार्ट, नेसफिल्ड, रिझले आणि केतकर. यातले केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचे जातिसंस्थेवरचे इंग्रजी पुस्तक १९०९ मध्ये अमेरिकेतच निघाले होते. इतरांनी जात सुटी, एकटी वस्तू मानली. केतकरांनी ती व्यवस्थेचा भाग म्हणून पाहिली, याचे श्रेय आंबेडकर त्यांना देतात. आणि मग त्यांचीच चूक दाखवतात. जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांना दोन लक्षणे वाटली, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. तिथून जातीअंतर्गत विवाह हा स्वतःचा मुद्दा ते पुढे नेतात. शेवटी, ही मांडणी टिकत नाही असे दिसल्यास ती सोडून देण्याची तयारीही नोंदवतात.

मोठ्या माणसाचे म्हणणे नीट सांगणे, त्यातले बरोबर ते मान्य करणे आणि उरलेल्याशी न चिडता भांडणे, हे सगळे त्या एका निबंधात आहे. स्वेल्स यांचा आराखडा यायला तेव्हा ७४ वर्षे बाकी होती.

‘दहा टक्के चालते’ हे खरे का?

अर्धे खरे. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचे. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करण्यास मनाई. ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द. अवतरण चिन्हांत, श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची आणि योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे शब्दसमूह मोजायचे नाहीत, असेही त्यात आहे. पण दहा टक्के ही उचलेगिरीची सवलत नव्हे. दुसऱ्याची कल्पना श्रेय न देता घेतली, तर सॉफ्टवेअरने शून्य दाखवले तरी ती चोरीच.

परभाषेत लिहिणाऱ्याचा घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. मूळ वाक्य समजलेले असते, पण ते दुसऱ्या शब्दांत सांगण्याइतके शब्द नसतात. मग दोन विशेषणे बदलायची, क्रियापद हलवायचे. अमेरिकी अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी याला ‘पॅचरायटिंग’ म्हटले. आपण ठिगळलेखन म्हणू. त्यांच्या मते ही चोरी नसून शिकण्याची एक पायरी आहे. सॉफ्टवेअरला मात्र पायरी ओळखता येत नाही.

ठिगळ लपवायला शब्द बदलणारी ॲप वापरली तर आणखी फजिती. फ्रेंच संशोधक गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे विनोद शोधून काढले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चे झाले होते ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, म्हणजे बनावट शुद्ध!

एआयकडून लिहून घेतले तर?

ज्याच्यावर तोंडी परीक्षेत प्रश्न येणार, ते स्वतः लिहिलेले बरे, हे एक. दुसरे कारण अधिक अन्यायाचे आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एआय ओळखणारी सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिले, असा या साधनांचा निकाल आला. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळपास अचूक ओळखले. कारण सोपे आहे: मर्यादित शब्दसंपदेत, साच्यातली वाक्ये लिहिली की ती यंत्रासारखी दिसतात. म्हणजे प्रामाणिकपणे, घाबरत घाबरत इंग्रजी लिहिणाऱ्यावरच संशय येतो. अशा वेळी कच्चे मसुदे, तारखेसह टिपणे आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणे हाच बचाव.

यात भर म्हणजे वेळ. ‘प्लॉस बायॉलॉजी’त २०२३ मध्ये आलेल्या, आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण संशोधकांच्या पाहणीत, इंग्रजी परकी असलेल्यांना पेपर लिहायला ५१ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ लागल्याचे आढळले. भाषेमुळे पेपर नाकारला जाण्याचे प्रमाण त्यांच्यात सुमारे अडीच पट होते. या आठांत भारत नव्हता. नेपाळ आणि बांगलादेश होते.

कोर्स कोणता आणि खर्च किती?

केंद्र सरकारच्या ‘स्वयम’वर गढवाल विद्यापीठातून तयार झालेला ‘अकॅडमिक रायटिंग’ हा कोर्स आहे. अशा कोर्सची नोंदणी मोफत असते, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. ‘कोर्सेरा’वर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेची पाच कोर्सची मालिका आहे, व्याकरणापासून सुरुवात आणि शेवटी पूर्ण शोधनिबंध. त्यातला ‘ॲडव्हान्स्ड रायटिंग’ नावाचा कोर्स वाङ्मयचौर्य टाळणे आणि अनेक स्रोतांची सांगड घालणे यावरच आहे. तिथे आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. परड्यू विद्यापीठाचे ‘आउल’ हे संकेतस्थळ आणि मँचेस्टर विद्यापीठाची ‘अकॅडमिक फ्रेजबँक’ मोफत वाचता येतात. फ्रेजबँकेत ‘आधीच्या अभ्यासाशी असहमती कशी लिहावी’ अशा प्रसंगांनुसार वाक्यांचे सांगाडे दिले आहेत, मोबाइलवर ते सर्वाधिक कामाला येतात.

या कोर्समध्ये मोठी उणीव आहे ती अभिप्रायाची. हजारो विद्यार्थी असले की स्वाध्याय एकमेकांनीच तपासायचे असतात. तपासणाराही आपल्यासारखाच शिकणारा, त्यामुळे ‘गुड जॉब’ आणि पाचपैकी चार गुण यापलीकडे फारसे काही मिळत नाही. ही उणीव कॉलेज भरून काढू शकते. संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शक असतोच. त्यांनी शेवटच्या महिन्यात ८० पाने वाचण्याऐवजी पहिल्या महिन्यात फक्त प्रस्तावनेची दोन पाने मागून, लाल पेनाने खरडून परत दिली, तरी चेण्याहून दोन बस बदलून येणाऱ्या मुलीचे सहा महिने वाचतील. ती दोन पाने आधी मराठीत लिहून आणली, तरी हरकत नसावी.