पडद्याआडून ऐकलं तेव्हा

मैत्रिणींनो, ‘हे बायकांचं काम नव्हे’ हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलं नाही? पण म्हणणारा आपलं काम बघून तसं म्हणतो, की आपल्याला बघून? आज एक खरी हकिकत सांगते, मग तुम्हीच ठरवा.

ॲबी कोनंट ही अमेरिकन बाई. तिचं वाद्य ट्रॉम्बोन. बँडमध्ये पितळी नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात ना, तेच ते. फुंकायला छातीत दम लागतो, तेव्हा ते पुरुषांचंच, असा पूर्वापार समज. १९८० साली जर्मनीतल्या म्युनिक फिलहार्मोनिक या नावाजलेल्या वाद्यवृंदात मुख्य ट्रॉम्बोनवादकाची जागा निघाली. ॲबीनं अर्ज केला. बोलावणं आलं ते ‘श्रीयुत कोनंट’ या नावानं!

उमेदवार होते ३३. त्यांतल्या एकाच्या घरची वाद्यवृंदात ओळख होती. पक्षपात नको, म्हणून पहिल्या फेरीत सगळ्यांनी पडद्याआडून वाजवायचं ठरलं. ॲबीचा नंबर सोळावा. तिचं वादन ऐकून परीक्षक इतके खूश झाले, की उरलेल्या १७ जणांना न ऐकताच घरी पाठवलं. पडद्यामागून बाहेर आली ती बाई! सगळे चकितच झाले. तरी पुढच्या फेऱ्याही तिनं जिंकल्या आणि जागा मिळवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण १९८१ मध्ये तिला दुसऱ्या जागेवर उतरवलं. मुख्य जागेवर पुरुष हवा, असं तिला तोंडावर सांगण्यात आलं. वादन तेच होतं, पण आता मध्ये पडदा नव्हता.

ती रडत बसली नाही, कोर्टात गेली. बाईच्या अंगात पुरेशी ताकद नाही, असा विरुद्ध बाजूचा मुद्दा. तेव्हा तिनं छातीच्या दवाखान्यात जाऊन फुप्फुसांची रीतसर तपासणी करून घेतली. तिचा दम चारचौघांपेक्षा कितीतरी जास्त निघाला! १९८८ मध्ये मुख्य जागा परत मिळाली. मग पगार पुरुषांच्या बरोबरीनं मिळावा म्हणून आणखी ५ वर्षं भांडण. तेही ती जिंकली. एकूण १३ वर्षं गेली. मधल्या काळात, १९९२ मध्ये, ट्रोसिंगेनच्या संगीत विद्यालयात ती ट्रॉम्बोनची प्राध्यापक झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कोर्टकचेरी आपल्याला कुठली झेपायला? खरं आहे. पण यातलं एक आपल्यालाही जमेल. ‘तुला जमणार नाही’ असं कुणी म्हटलं, की ‘नेमकं काय जमणार नाही?’ एवढं शांतपणे विचारायचं. दम नाही म्हणता? मोजून बघा. हिशेब येत नाही म्हणता? महिनाभर वही माझ्याकडे द्या.

आणि दुसऱ्याला जोखताना आपणही थोडा पडदा धरावा. निबंधाच्या वह्या तपासताना मी पहिलं पान उलटं दुमडून ठेवते. नाव दिसलं नाही, की हुशार मुलीला उगाच दोन मार्क जास्त पडत नाहीत.

घरीही करून बघा. आमटी लेकीनं केली की सुनेनं, हे न सांगता वाढा. चव सांगून झाली, की मग नाव सांगा!