तीन सिलिंडरांचा हिशेब

पुण्यात पहाटेची थंडी बोचू लागली की फजरच्या वजूलाही गरम पाणी लागते. उज्ज्वला योजनेत 2025-26 मध्ये सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान होते. मात्र त्या वर्षी ते 12 ऐवजी 9 सिलिंडरांपुरतेच ठेवले होते. बारा सिलिंडर लागणाऱ्या घराला 900 रुपयांचा फटका. रेशनचे रॉकेलही पूर्वीसारखे मिळत नाही. मग काशेवाडी-भवानी पेठेतल्या गरीब घरात पहिली काटकसर होते ती म्हाताऱ्यांच्या, लेकरांच्या गरम पाण्यात. हिवाळ्यात सदका म्हणून आपण ब्लँकेट वाटतो. सिलिंडर मात्र आठवत नाही. आम्हाला वाटते, मोहल्ल्यातल्या चार घरांनी मिळून एका घरचा सिलिंडर भरून द्यावा, गाजावाजा न करता. हा उपकार नव्हे, शेजाऱ्याचा हक्क आहे.