खुबा जुळला, पण मांडीचे काय?

फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईची मालमोटार उलटली आणि आमच्या रावेर भागातले कितीतरी मजूर दगावले. अशा बातमीत मृतांची मोजणी होते. उरलेले सारे ‘जखमी’ या एका शब्दात मावतात. अपघातांतल्या अशा जखमींपैकी कुणाच्या कंबरेच्या हाडांचे कडे मोडलेले असते, कुणाची खुब्याची वाटी फुटलेली.

मांडीच्या हाडाचा गोळा फिरतो ती ही वाटी. तिच्या मोडीची रीतसर वर्गवारी पॅरिसच्या जुदे बंधूंनी आणि लतुर्नेल यांनी 1964 मध्ये मांडली. तुकडे तंतोतंत बसले तर सांधा टिकण्याची आशा अधिक. तीन आठवडे उलटले की ते बसवणे अवघड होत जाते. चोळण्या-बांधण्यात घालवलेले दिवस म्हणून महागात पडतात.

पण माझा मुद्दा नंतरचा आहे. रुग्ण बरा झाला, हे ठरवायचे कशावर? बोस्टनच्या डॉ. विल्यम हॅरिस यांनी 1969 मध्ये अशाच रुग्णांसाठी 100 गुणांची मोजपट्टी केली; ती आजही जगभर चालते. किती चालता, जिना चढता का, बूट-मोजे घालता येतात का, खुर्चीवर तासभर बसवते का? बोस्टनला हे ठीक. केळीच्या बागेत राबणाऱ्याचा मोज्यांशी संबंध तो काय! त्याला उकिडवे बसून केळीची पिले कापायची असतात, खांद्यावर घड घेऊन चालायचे असते, पहाटे देशी संडासात बसायचे असते. माझ्या शेजारच्या गृहस्थांचे हाड एक्स-रेत सुरेख जुळले आहे. पंगतीत मात्र त्यांना वेगळी खुर्ची द्यावी लागते, म्हणून ते लग्नकार्याला जायचेच टाळतात.

जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. सेठी यांनी कृत्रिम पाय घडवला, तो उकिडवे बसणे आणि अनवाणी चालणे डोळ्यांपुढे ठेवूनच. खुब्याच्या रुग्णाबाबत तेवढा विचार का नसावा? काहींना मांडी घालणे कायमचे वर्ज्य असते, हे मान्य. मग घरी पाठवतानाच तसे स्पष्ट सांगावे, संडासावर ठेवायची भोकाची खुर्ची सुचवावी, झेपेल असे काम कोणते तेही बोलावे.

आणखी एक. कंबरेचे कडे मोडते तेव्हा मूत्रमार्गाला, नसांना इजा होऊ शकते. लघवीचा त्रास, संसारसुखातली अडचण मागे राहते. त्यावरही उपचार असतात, पण डॉक्टरांनी आपणहून विचारले तरच ते कळते. आमच्याकडच्या बायका तर हे नवऱ्यालाही सांगत नाहीत.